झूम कितीवर होता? फिक्स्ड आणि व्हेरिएबल दुर्बिणीची निवड



दिवाळीत मोहोपाड्याला घरी होते. माझा मावसभाऊ गेलं दीड वर्ष पनवेलला एअर रायफल शिकतोय. फराळ करता करता त्याने विचारलं, "ताई, तू पीएचडीसाठी सारखी दुर्बिणीतून बघत असतेस ना, मग सांग. लांब पल्ल्याच्या रायफलला फिक्स्ड स्कोप चांगला की व्हेरिएबल?"

मी पटकन "व्हेरिएबल" म्हणणार होते. जास्त सोयीचं, एकात सगळं. पण तेवढ्यात मला माझी पहिल्या वर्षाची फील्डची वही आठवली आणि मी गप्प बसले. ती वही का आठवली ते पुढे सांगते. आधी त्याच्या प्रश्नाचं नीट उत्तर शोधू. तुमच्यापैकी बरेच जण यंदा पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करताय. तुम्हाला रायफल घ्यायची नसेल, पण एक ना एक दिवस "कुठलं उपकरण घेऊ?" हा प्रश्न येणारच आहे. रायफलच्या दुर्बिणीइतकं त्याचं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलं नाही.

आधी मैदान बघा

भावाला मी पहिली गोष्ट सांगितली ती अशी: तू जो खेळ शिकतोयस त्यात रायफलवर दुर्बीण चालतच नाही. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत नेम धरायला मागे बारीक छिद्र आणि पुढे एक कडं असतं. दोन्हींत वस्तू मोठी करून दाखवणारी काच नसते. सुमा शिरूर २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत गेल्या, त्या असाच नेम धरून. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवलं, तेही असंच.

आता आकडे बघा. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. साध्या डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागाइतका, म्हणजे एक मिनिटाचा कोन जेमतेम वेगळा कळतो. ५० मीटरवरचे १०.४ मिलिमीटर म्हणजे साधारण ०.७ मिनिट. म्हणजे नेमबाजाला दहाचं वर्तुळ वेगळं दिसतच नाही! तो मोठ्या काळ्या गोलाला कड्याच्या बरोबर मध्ये बसवतो. डोळा बारीक गोष्ट ओळखण्यात कमी पडला तरी एका गोलात दुसरा गोल मध्यावर आहे की नाही हे फार चांगलं ओळखतो. सगळा खेळ त्यावर उभा आहे.

मग दुर्बीण कुठे लागते? ५० आणि ३०० मीटरच्या प्रकारांत रायफलला न जोडलेली, बाजूला स्टँडवर ठेवलेली दुर्बीण नियमात बसते. तिला स्पॉटिंग स्कोप म्हणतात. तिची कामं दोनच: गोळी कुठे लागली ते बघणं आणि वारा ओळखणं. इलेक्ट्रॉनिक लक्ष्य आल्यापासून पहिलं काम बरंचसं पडद्यावर गेलं. वारा ओळखायचं मात्र राहिलं.

हे सांगितल्यावर भाऊ म्हणाला, "अगं, नियमाचं राहू दे. समज चालत असतं तर?" ठीक आहे, समजू या. जगात असे नेमबाजीचे प्रकार आहेतही, जिथे रायफलवर दुर्बीण लावून हजार यार्डांपर्यंत नेम धरतात.

विशालनाच्या आकड्याची किंमत

विशालन म्हणजे आपण बोलताना मॅग्निफिकेशन म्हणतो ते. फिक्स्ड दुर्बिणीवर "१०×४२" असं लिहिलेलं असतं. म्हणजे वस्तू दहापट जवळ आल्यासारखी दिसते आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. व्हेरिएबलवर "५–२५×५६" असं लिहितात: गोल कडं फिरवून पाचपटीपासून पंचवीसपटीपर्यंत कुठेही थांबा, पुढचं भिंग ५६ मिलिमीटरचं. पहिल्यांदा घेणाऱ्याची नजर हमखास सगळ्यात मोठ्या आकड्यावर जाते. पण विशालन वाढवलं की त्याची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते.

पहिली किंमत उजेडाची. आयपीसमधून बाहेर येणाऱ्या प्रकाशाच्या झोताला एक्झिट प्युपिल म्हणतात. गणित सोपं आहे: पुढच्या भिंगाचा व्यास भागिले विशालन. १०×४२ ला ४.२ मिलिमीटर. ५–२५×५६ ला पंचवीसवर २.२ मिलिमीटर. दिवसा आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरचीच असते, त्यामुळे फरक कळत नाही. तिन्हीसांजेला ती पाच-सहा मिलिमीटरपर्यंत उघडते आणि मग पंचवीसवरचं चित्र अंधारून येतं. शिवाय झोत बारीक असला की डोळा जरा इकडेतिकडे झाला तरी चित्र गायब होतं.

दुसरी किंमत दृष्टिक्षेत्राची, म्हणजे एका नजरेत किती रुंदी दिसते त्याची. विशालन वाढलं की रुंदी कमी होते. हे सगळ्यांना माहीत असतं, पण हिशेबात कुणी धरत नाही. (मीही धरलं नव्हतं.)

तिसरी किंमत हवेची. दुपारी रस्त्यावर किंवा पत्र्यावर नजर टाकली की पलीकडचं दृश्य थरथरताना दिसतं. गरम आणि गार हवेतून प्रकाश वेगवेगळा वाकतो म्हणून. नेमबाज त्याला मिराज म्हणतात. दुर्बीण वस्तूबरोबर ही थरथरही तितकीच मोठी करते. एप्रिलच्या दुपारी चाळीसपटीवर तुम्हाला लक्ष्य नाही, उकळतं पाणी दिसतं. गंमत म्हणजे नेमबाजाला ही थरथर हवीही असते. ती ज्या बाजूला वाहताना दिसते तिकडे वारा चाललाय. ती सरळ वर चढत असेल तर वारा पडलाय, किंवा तो तुमच्याच रेषेत समोरून अथवा मागून येतोय. म्हणून वारा वाचताना अनुभवी लोक विशालन मध्यम ठेवतात आणि फोकस लक्ष्याच्या थोडा अलीकडे आणतात.

म्हणजे "जास्त विशालन म्हणजे जास्त माहिती" हे एका हद्दीपर्यंतच खरं. ती हद्द भिंगाचा व्यास आणि त्या वेळची हवा मिळून ठरवतात.

आत काय वेगळं असतं?

फिक्स्ड दुर्बिणीत भिंगांच्या जागा ठरलेल्या असतात. व्हेरिएबलमध्ये चित्र सुलटं करणाऱ्या भिंगांचे गट कडं फिरवल्यावर नळीत पुढेमागे सरकतात. त्यातून तीन आक्षेप निघाले. तीनही ऐकताना पटतात. पण आज कुठला किती खरा आहे, हे एकेक करून तपासायला हवं.

एक, "व्हेरिएबलमध्ये काचा जास्त, म्हणून उजेड कमी." हे एकेकाळी खरं होतं. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. दहा पृष्ठभाग जास्त असतील तर ०.९६ चा दहावा घात करा: ०.६६. म्हणजे एक तृतीयांश उजेड गेला. पण झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये परावर्तन कमी करणारा लेप शोधला आणि पुढे अनेक थरांचे लेप आले. आज चांगल्या काचेवर प्रत्येक पृष्ठभागाला अर्धा टक्का नुकसान धरलं तरी दहा पृष्ठभागांनंतर ९५ टक्के उजेड उरतो. आक्षेप अजून ऐकू येतो, त्यामागचा आकडा मात्र बदलला. संशोधनात असे जुने आक्षेप भरपूर भेटतील. तेव्हा आकडा कुठल्या काळातला आहे ते विचारा.

दोन, "झूम फिरवला की नेम हलतो." हे समजायला रेटिकल म्हणजे काय ते बघू. दुर्बिणीत दिसणारी फुली आणि तिच्यावरच्या बारीक खुणा म्हणजे रेटिकल. ती दोनपैकी एका ठिकाणी बसवतात: सरकणाऱ्या भिंगांच्या आधी, पहिल्या नाभीय प्रतलात, किंवा त्यांच्यानंतर, दुसऱ्या नाभीय प्रतलात. आधी असेल तर चित्र आणि फुली दोन्ही त्याच सरकत्या भिंगांतून जातात. भिंग केसभर तिरकं झालं तरी दोघं बरोबरच सरकतात आणि नेम टिकतो. नंतर असेल तर चित्र सरकतं, फुली जागेवर राहते. तेव्हा आक्षेप खरा आहे, पण दुसऱ्या प्रतलातल्या फुलीच्या बाबतीत. तिथेही तो बनावटीच्या दर्जावर अवलंबून आहे.

तीन, आणि हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: रेटिकलवरच्या खुणांनी अंतर मोजतात. एक मिलिरेडियन म्हणजे हजार मीटरवर एक मीटर. वस्तूची उंची माहीत असेल तर अंतर = उंची × १००० ÷ मिलिरेडियन. समजा अर्धा मीटर उंचीची पाटी एका खुणेत बसली. उत्तर ५०० मीटर.

आता फुली पहिल्या प्रतलात असेल तर झूमबरोबर खुणाही चित्राइतक्याच लहानमोठ्या होतात. एक खूण कायम एक मिलिरेडियनच राहते. फुली दुसऱ्या प्रतलात असेल तर खुणा डोळ्याला तेवढ्याच दिसतात आणि चित्र मात्र बदलतं. त्या खुणा एकाच विशालनाला खऱ्या असतात, बहुधा सगळ्यात मोठ्या. समजा त्या पंचवीसला खऱ्या आहेत आणि तुम्ही नकळत साडेबारावर आहात. पाटी अर्धी दिसेल, अर्ध्याच खुणेत बसेल. सूत्र सांगेल: १००० मीटर. प्रत्यक्षात आहे ५००! दुर्बीण बिघडलेली नाही, सूत्र बरोबर आहे, तुमची नजरही बरोबर आहे. चूक आहे ती न बघितलेल्या कड्यात.

याच्या उलट उदाहरण ड्रॅगुनोव्ह रायफलच्या पीएसओ-१ दुर्बिणीचं. ही रायफल सोव्हिएत सैन्याने १९६३ मध्ये घेतली, आपल्या सैन्यानेही ती वापरली. दुर्बीण फिक्स्ड, ४×२४. आत एक वक्र रेष आखलेली आहे: १.७ मीटर उंचीची आकृती रेषेत जिथे बसेल तिथला आकडा म्हणजे शेकड्यांत अंतर, दहापर्यंत. विशालन बदलूच शकत नाही, म्हणून त्या रेषेचं प्रमाणही चुकू शकत नाही. चारपट हा आकडा आज कुणालाही किरकोळ वाटेल, पण त्या दुर्बिणीत एक चूक करण्याची सोयच ठेवलेली नाही.

मग लोकांनी काय निवडलं?

निवडीचा इतिहास सरळ रेषेत जात नाही, म्हणून तो वाचण्यासारखा आहे. अमेरिकन मरीन कोअरने १९६६ मध्ये एम-४० रायफल घेतली तेव्हा तिच्यावर रेडफील्डची ३–९ व्हेरिएबल दुर्बीण होती. पुढच्या एम-४०ए-१ वर ते चक्क मागे वळले: उनर्टलची फिक्स्ड दहापट. त्यानंतरच्या पिढीत पुन्हा व्हेरिएबल, श्मिट अँड बेंडरची ३–१२. ब्रिटिश सैन्याची १९८० च्या दशकातली एल-९६ रायफल फिक्स्ड ६×४२ दुर्बिणीसह आली. (भागाकार करा: एक्झिट प्युपिल बरोबर ७ मिलिमीटर. संधिप्रकाशाचा विचार केलेला दिसतो.) तिच्यानंतरच्या एल-११५ए-३ वर ५–२५×५६ आली.

त्याच काळात एका खेळाने उलटी वाट धरली. बेंचरेस्ट नावाच्या प्रकारात रायफल टेबलावर टेकवून शंभर-दोनशे यार्डांवर गोळ्यांचा गट किती लहान येतो ते मोजतात. तिथे ३६ किंवा ४५ पटींच्या फिक्स्ड दुर्बिणी वर्षानुवर्षं लोकप्रिय राहिल्या. कारण उघड आहे. अंतर ठरलेलं, लक्ष्य ठरलेलं, रायफलच्या वजनाला मर्यादा, आणि सरकणारा भाग जितका कमी तितकी शंका कमी.

इथे कुणी चुकलं नाही. सैनिकाला समोर काय येईल, किती अंतरावर येईल, उजेड किती असेल हे माहीत नसतं. त्याला आधी रुंद बघून शोधायचंय, मग जवळून ओळखायचंय. सरकणारे भाग विश्वासाचे झाल्यावर त्याने व्हेरिएबल घेतली. बेंचरेस्टवाल्याचा प्रश्न मात्र आधीच पक्का आहे, म्हणून त्याने फिक्स्ड ठेवली.

मला यातून मिळालेला नियम असा: प्रश्न अजून शोधत असाल तर बदलता येणारं उपकरण घ्या. प्रश्न ठरला असेल तर न बदलणारं घ्या, किंवा बदलणारं घेऊन त्याला कुलूप लावा.

आता माझी वही

हा नियम मी पुस्तकातून शिकले नाही. पीएचडीच्या पहिल्या हिवाळ्यात मी पाताळगंगेच्या काठी पाणपक्षी मोजत होते. घराजवळची नदी, पहाटे निघालं की उजाडायला ठिकाणावर. हातात २०–६० झूमचा स्पॉटिंग स्कोप, उसना आणलेला. पद्धत मीच ठरवली होती: समोरचा काठ साधारण १५० मीटरवर. एका खुणेच्या झाडापासून सुरुवात करायची, एक नजर टाकायची, पक्षी मोजायचे, दुर्बीण पुढे सरकवायची. अशा वीस नजरा म्हणजे एक मोजणी. नोव्हेंबर ते जानेवारी, चौदा फेऱ्या.

आलेख काढला तर रेष खाली जात होती. तुतवार, चिखल्या, सगळेच कमी होत चाललेले. आमचा परिसर कारखान्यांचा, हे तुम्हाला माहीत आहे. माझ्या डोक्यात कारण आधीच तयार होतं. अहवालात एक वाक्य लिहूनही टाकलं होतं की हिवाळ्यात पुढे पुढे पक्ष्यांची संख्या घटलेली दिसते आणि नदीच्या पाण्याशी त्याचा संबंध तपासायला हवा.

गाईड मॅडमनी मसुदा वाचला आणि एकच प्रश्न विचारला: "झूम कितीवर होता?"

मी वही चाळली. तारीख होती, वेळ होती, ढग किती, वारा किती, नदीला पाणी किती, सगळं होतं. झूमचा रकाना नव्हता.

मग बसून आठवलं. सुरुवातीला मी नवखी होते, २० वर ठेवायचे, कारण पक्षी सापडायचेच नाहीत. हात बसला तसतशी लहान चिखल्यांची ओळख पटवायला ३५, ४० वर जाऊ लागले आणि नंतर तिथेच राहिले. अशा स्कोपला २० वर हजार मीटरवर साधारण ३६ मीटर रुंदी दिसते, ४० वर साधारण २६. आता १५० मीटरचा हिशेब करा. २० वर एक नजर ५.४ मीटरची, वीस नजरा म्हणजे १०८ मीटर काठ. ४० वर एक नजर ३.९ मीटरची, वीस नजरा म्हणजे ७८ मीटर. पक्षी जराही कमी झाले नसते तरी माझी संख्या सुमारे २८ टक्क्यांनी घटली असती!

"मग १०८ भागिले ७८ ने गुणून टाक की," असं एका मित्राने सुचवलं. पण कुठल्या फेरीला कितीवर होतं हेच लिहिलेलं नव्हतं. दुसरी अडचण आणखी खोल आहे. जास्त विशालनावर चिखलात दबून बसलेला छोटा पक्षीही दिसतो, जो २० वर निसटला असता. म्हणजे एकीकडे रुंदी कमी झाल्याने संख्या घटणार आणि दुसरीकडे बारकावा वाढल्याने वाढणार. दोन्ही परिणाम एकमेकांत मिसळले की ते नंतर गणिताने सुटे करता येत नाहीत. आणि झूम काळाबरोबर वाढत गेला, मला तर काळाचाच परिणाम मोजायचा होता.

चौदा फेऱ्या बाजूला ठेवल्या. ते वाक्य खोडलं. त्या हिवाळ्यात पक्षी खरंच कमी झाले होते का, हे मला आजही सांगता येत नाही. ते मोजायची संधी गेली. आणि कुणाच्या तरी दारात टाकलं जाणारं एक निराधार वाक्य छापून जाता जाता राहिलं. वाईट मला याचंच जास्त वाटतं, फुकट गेलेल्या पहाटांचं कमी.

पुढच्या हिवाळ्यात मी स्कोप बदलला नाही. कडं ३० वर आणलं आणि त्यावर चिकटपट्टी लावली. मोजणी "वीस नजरा" अशी न ठेवता काठावर दोन खुणा ठरवून मधला शंभर मीटरचा पट्टा केला. पक्षी ओळखता आला नाही तर आधी मोजणी पूर्ण करायची, मग पट्टी काढून ६० वर नेऊन ओळखायचं, आणि हे वेगळ्या रकान्यात लिहायचं. झूम टाकून दिला नाही, त्याची वेळ फक्त ठरवून दिली.

तुम्ही निवडताना

उपकरण दुर्बीण असो, सूक्ष्मदर्शक असो की एखादा सेन्सर, घेण्याआधी चार प्रश्न विचारा.

१. माझा प्रश्न ठरलाय का? ठरला नसेल तर पहिले दोन-तीन महिने पायलट समजा आणि बदलतं उपकरण मनसोक्त फिरवा. त्या काळातली आकडेवारी निष्कर्षात घेऊ नका.

२. एक बटण फिरवलं की आणखी काय काय बदलतं? झूमबरोबर उजेड, रुंदी, थरथर आणि दुसऱ्या प्रतलातल्या रेटिकलचं प्रमाण, एवढं सगळं बदलतं. सूक्ष्मदर्शकाचं ऑब्जेक्टिव्ह बदललं की मोजपट्टीचं प्रमाणही बदलतं, हे एमएस्सीला शिकलोय आपण. तरीही थीसिसमधल्या फोटोंवर चुकीची स्केलपट्टी निघतेच.

३. वहीत त्या बटणाचा रकाना आहे का? जे बदलू शकतं त्याला रकाना हवाच. आज बदललं नसेल तरी "३०" लिहा. रिकामी जागा म्हणजे "बदललं नाही" असं नंतर कुणालाच सिद्ध करता येत नाही.

४. सगळ्यात मोठा आकडा माझ्या परिस्थितीत वापरता येतो का? याची चाचणी गच्चीवर होते. कागदावर १, २, ३, ४ मिलिमीटर जाडीच्या काळ्या-पांढऱ्या रेषांचे पट्टे छापा. मोजून १०० मीटरवर लावा. सकाळी सात, दुपारी एक आणि संध्याकाळी पाच वाजता प्रत्येक विशालनाला कुठली सगळ्यात बारीक रेष सुटी दिसते ते लिहा. (दुर्बीण चुकूनही सूर्याकडे नेऊ नका.) १०० मीटरवर १ मिलिमीटर म्हणजे साधारण २ सेकंदांचा कोन. ६० मिलिमीटरच्या भिंगाची हद्दही उत्तम हवेत साधारण तेवढीच. डोळ्याला ६० सेकंद लागतात, म्हणजे तिसाव्या पटीच्या आसपास भिंग जेवढं देऊ शकतं तेवढं बहुतेक मिळून जातं. त्यापुढे चित्र मोठं होतं, बघायला आरामही वाटतो, पण नवीन तपशील फारसा येत नाही. दुपारी तर आधीच अडेल. हा तक्ता अर्ध्या दिवसात होतो आणि जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा तुमच्या जास्त उपयोगी पडतो.

घेताना आणखी एक बघा. झूम आयपीस कमी विशालनावर बरेचदा अरुंद नळीतून बघितल्यासारखा वाटतो. चांगल्या ३० पटींच्या फिक्स्ड रुंद आयपीसमध्ये झूमच्या २० इतकी किंवा त्याहून जास्त रुंदी मिळू शकते. म्हणून "२० ते ६० मध्ये ३० आलंच की" हा हिशेब चुकतो. रुंदीचा आकडा दोन्हींचा शेजारी ठेवून बघा.

भावाला मी शेवटी काय सांगितलं? म्हटलं, अंतर आणि लक्ष्य ठरलेलं असेल तर फिक्स्ड घे, स्वस्त, हलकी, डोक्याला ताप नाही. अंतर बदलत राहणार असेल तर व्हेरिएबल घे, पण फुली पहिल्या प्रतलात आहे ना ते विचारून. आणि सध्या तुझ्या १० मीटरला यातलं काहीच लागत नाही, तेव्हा शेव खा आणि उद्या सरावाला जा.

तो गेला, पण जाताना म्हणाला, "ताई, आमच्या सरांनी पहिल्या दिवशी वही दिली होती. रोज मागच्या छिद्राची सेटिंग कितीवर आहे ते लिहायला लावतात." दीड वर्षापूर्वी त्याला जे पहिल्याच दिवशी शिकवलं, ते शिकायला मला एक अख्खा हिवाळा लागला. तुमची नवी वही अजून कोरी असेल तर आजच तिच्यात तो एक रकाना आखून ठेवा.